तसबिरीभोवतीचा समास

दिवाळीच्या आधी भंडारा जिल्ह्यातल्या घराघरांतून भिंती झाडल्या जातात, रंगाचा हात फिरतो, आणि वर्षभर खिळ्याला टांगलेल्या तसबिरी खाली उतरतात. आजोबांचे लग्नातले छायाचित्र, शाळेच्या शेवटच्या वर्गाचा समूहफोटो, तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा, देवघरातली लक्ष्मी, एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वंशजांनी जपलेले मानपत्र, असा हा ऐवज असतो. काच पुसली जाते, चौकटीवरची धूळ जाते आणि तसबीर पुन्हा जागेवर चढते. परंतु काचेच्या आत कागदाची काय अवस्था आहे, याची विचारपूस सहसा होत नाही. त्या विचारपुशीसाठी हा लेख आहे, आणि ती करताना एका लहानशा यंत्राची शिफारस मला करावयाची आहे. चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्यात तिरप्या कडेची खिडकी कापणारे हे यंत्र, ज्याला धंद्यात माउंट कटर म्हणतात, नवे घेणे लहान गावच्या फ्रेमवाल्याला जड जाते. पण जुने, नीट पारखून घेतलेले आणि इथल्याच कारागिरांच्या हातून दुरुस्त झालेले यंत्र त्याच्या आवाक्यात येऊ शकते, आणि ते आले तर या जिल्ह्याच्या भिंतींवरचा इतिहास पुढच्या पिढ्यांच्या हाती धडपणे पोचेल, असे माझे मत आहे.

काचेच्या आतले हवामान

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख तळ्यांचा आणि भाताचा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मृग नक्षत्र लागल्यापासून बांध्यांत पाणी साचू लागले की हवेतला दमटपणा महिनोन्‌महिने हटत नाही. कागद हा पदार्थ हवेतले पाणी शोषणारा आणि सोडणारा असल्यामुळे ऋतुमानाप्रमाणे तो फुगतो व आक्रसतो. चित्र चारही कडांनी पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेले असेल तर त्या हालचालीला वाव राहत नाही, आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. काच थेट चित्राला टेकलेली असेल तर प्रकार आणखी वाईट, कारण भिंतीकडून येणारा ओलावा काचेच्या आतल्या बाजूस धरतो, आणि जुन्या छायाचित्रांवर जो जिलेटिनचा थर असतो तो त्या ओलाव्याने मऊ होऊन काचेला चिकटतो. पुढे कुणी हौसेने चौकट उघडली की काचेबरोबर चेहऱ्याचा अर्धा भाग उचलला जातो.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणातून सुटलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी धान्य, कपडे, गुरे यांचा हिशेब होतो, पंचनामे होतात, तहसील कचेरीत अर्ज जातात. पण वाळल्यावर काचेला चिकटून बसलेल्या छायाचित्रांचा पंचनामा करण्याची तजवीज कोणत्याही नमुन्यात नसते. असे छायाचित्र कुणाकडे असेल तर त्याने ते ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. काचेसकट सुरक्षित ठेवावे, काचेवरूनच त्याची उत्तम प्रत काढून घ्यावी, आणि सोडवण्याचे काम जाणकारावर सोपवावे. मात्र काच आणि चित्र यांच्यामध्ये दीड मिलिमीटरभर अंतर असते, तर रोजच्या दमटपणाने चिकटण्याचा प्रसंगच बहुधा टळला असता. हे अंतर राखण्याचे काम माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला तो जाड पुठ्ठा, करतो. त्याची शोभा सर्वांना दिसते. त्याचे खरे कार्य मात्र रक्षणाचे आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच गिऱ्हाईक पैसे वाचवताना प्रथम माउंटला काट मारते.

समासाची परंपरा

चित्राभोवती मोकळी जागा सोडण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. मोगल दरबारातील चित्रसंग्रहांत कागदाचे थर एकावर एक चिकटवून केलेल्या वसलीवर चित्र बसवीत आणि भोवतीच्या हाशियावर फुले, वेली व सोन्याची नक्षी काढीत. जहांगीर आणि शहाजहान यांच्या काळच्या संग्रहांतले हाशिये तर मूळ चित्राइतकेच अभ्यासले जातात. युरोपात सोळाव्या शतकात ज्योर्ज्यो वसारीने आपल्या संग्रहातील रेखाटनांभोवती स्वहस्ते चौकटी रेखल्या, आणि अठराव्या शतकात पॅरिसच्या प्येर-झाँ मारिएतने निळ्या कागदाचे जे माउंट आपल्या संग्रहासाठी करवून घेतले, ते आजही त्याच्या नावाने ओळखले जातात.

महाराष्ट्राच्या सामान्य घरांत तसबीर पोचली ती छापखान्यांमुळे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा सुरू झाली, मुंबईत १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला, आणि जी दैवते तोवर देवळाच्या गाभाऱ्यात किंवा देव्हाऱ्यातल्या टाकांवर होती ती रंगीत होऊन भिंतीवर आली. त्या चित्रांना चौकट हवी, काच हवी, म्हणून तालुक्याच्या गावी काच कापणारा हिरा बाळगणारा माणूस दुकान मांडून बसला. सागवानी पट्टीच्या टोकांना करवतीने ४५ अंशांचा काप द्यायचा, चारही कोन खिळ्यांनी जोडायचे, काच बसवायची, मागे पुठ्ठा किंवा लाकडी फळी ठोकायची, असा त्याचा शिरस्ता. या क्रमात माउंट क्वचितच होता, कारण छापील चित्राला स्वतःची पांढरी कड असे आणि गिऱ्हाइकाला देव मोठा हवा असे. छायाचित्रे आल्यावरही शिरस्ता तोच राहिला.

भंडारा जिल्ह्यात या भिंतींना आणखी एक ऐतिहासिक आशय आला. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून उभे होते. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, आणि अनेक घरांतल्या भिंतींवरचे जुने पूजाविषय उतरून तेथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. त्या काळचे एखादे मूळ छायाचित्र, सभेचे पत्रक किंवा वर्तमानपत्राचे पान आजही कुणाच्या घरी चौकटीत असेल, तर तो त्या कुटुंबाचा दस्तऐवज आहे तितकाच जिल्ह्याचाही आहे. तीच गोष्ट झाडीपट्टीच्या नाटकांची. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरू लागते, नाटके, दंडार आणि खडी गंमत रात्रभर चालते, आणि त्यांची जाहिरातपत्रके हंगाम संपताच रद्दीत जातात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. त्या नगरीतल्या शाळेच्या भिंतीवर त्या स्तूपाचे छायाचित्र लावायचे तर ते वाऱ्यापावसात टिकेल अशा रीतीने लावणे हे त्या शाळेचे कर्तव्यच होय.

यंत्राची रचना

माउंटचा पुठ्ठा साधारण १.४ मिलिमीटर जाड असतो. त्यात खिडकी कापताना पाते उभे धरले तर कड बोथट दिसते आणि चित्रावर सावली पाडते. तेच ४५ अंशांनी कलते धरले तर सुमारे २ मिलिमीटर रुंदीचा शुभ्र उतार तयार होतो, जो प्रकाश घेतो आणि दृष्टीला चित्राच्या आत नेतो. पोलादी पट्टी आणि सुटे पाते यांनी असा उतार चारही बाजूंना एकसारखा काढणारे हात आहेत, नाही असे नाही. परंतु एखादे काम साधणे वेगळे आणि लग्नसराईत एकामागून एक तसबिरी त्याच शुद्धतेने उतरवणे वेगळे. त्यासाठी यंत्र.

त्याची रचना साधी आहे. खाली सपाट तळफळी, तिच्यावर पुठ्ठा दाबून धरणारी लांब धातूची पट्टी, त्या पट्टीच्या कडेवरून सरकणारा ठोकळा, ठोकळ्यात ४५ अंशांनी बसवलेले पाते, समासाची रुंदी कायम करणारा आडवा अटकाव, आणि काप कोठे सुरू व्हावा व कोठे थांबावा हे ठरवणारे दोन लहान थांबे. अमेरिकेतील लोगन आणि फ्लेचर, इंग्लंडमधील कीनकट ही या धंद्यातली परिचित नावे. अलीकडे इटलीच्या वालियानी किंवा स्वित्झर्लंडच्या गुन्नार यांसारख्या कंपन्यांची, संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रे मोठ्या दुकानांत आली. शिवाय कॅनव्हासवर आणि ॲक्रिलिकवर थेट छापलेल्या, काच व माउंट दोन्ही नको असलेल्या चित्रांची चलती झाली. संगणकावर चालणारे यंत्र आले किंवा माउंटची मागणी घटली की हाताने चालवायचे यंत्र कोपऱ्यात जाते आणि पुढे विक्रीला निघते. त्यात मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने हाती लागणारे नग असतात, तसेच धंदा आवरणाऱ्या फ्रेमवाल्याने विश्वासाने दुसऱ्याला दिलेलेही असतात. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण तेथे यंत्राबरोबर ते वापरणाऱ्याचा अनुभवही विचारून घेता येतो.

जुने यंत्र पारखताना

जुन्या यंत्राचा रंग उडाला आहे की नाही, याला काहीही महत्त्व नाही. त्याची रेघ सरळ आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. म्हणून प्रथम मुख्य पट्टी पाहावी. एका टोकाशी डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की मोठा बाक तत्काळ कळतो, आणि सूक्ष्म बाकासाठी भरवशाची पोलादी पट्टी तिला लावून मधून प्रकाशाची फट दिसते का, ते तपासावे. वाकलेली पट्टी सहसा पूर्ववत होत नाही. असे यंत्र स्वस्तातही घेऊ नये. नंतर सरकता ठोकळा दोन बोटांत धरून आडवा हलवावा. तो खडखडला तर काप नागमोडी येणार हे निश्चित; मात्र हा दोष बहुधा झिजलेल्या लहान भागांचा असतो आणि दुरुस्तीने जातो. पाते बसते ती खाच, ते कसणारा मळसूत्री खिळा, आणि पाते खाली दाबताना फिरणारी खीळ यांची झीज तपासावी, कारण कापाच्या आरंभी येणारी वक्रता पुष्कळदा तेथे जन्म घेते. थांबे घट्ट कसून एकच माप पुन्हा पुन्हा कापून पाहावे. माप सरकत असेल तर ते धरत नाहीत असे समजावे.

तळफळीकडे आपल्या हवेत विशेष लक्ष द्यावे लागते. अनेक यंत्रांची तळफळी भुशाच्या दाबीव फळीची असते आणि पावसाळे खाऊन ती फुगलेली किंवा धनुष्यासारखी वळलेली असते. ती बदलता येते. चांगल्या, वाळलेल्या आणि खरोखरच सपाट प्लायवुडवर मूळ भोके जुळवून बाकीचे अवयव बसवणे हे कुशल सुताराचे काम आहे.

काटकोनाची परीक्षा शेवटी, पण ती चुकवू नये. पुठ्ठ्याचा एक तुकडा यंत्रावर आडवा कापावा, झालेल्या दोन भागांपैकी एक उलटा करून कापलेल्या कडा पुन्हा एकमेकींना भिडवाव्यात. काप काटकोनात असेल तर त्या मिटतील, नसेल तर जेवढी चूक असेल तिच्या दुप्पट फट दिसेल. गवंडी घराचा पाया आखताना जो हिशेब करतात तो येथेही लागू पडतो: ३० आणि ४० सेंटिमीटर बाजूंच्या आयताचा कर्ण बरोबर ५० सेंटिमीटर भरला पाहिजे. ही खातरजमा विकणाऱ्याच्या देखत करावी, म्हणजे किमतीचा फैसला दोन्ही बाजूंना न्याय्य होतो. आणखी एक गोष्ट व्यवहाराआधीच विचारावी, ती म्हणजे त्या यंत्राची पाती आजही मिळतात की नाही. ज्या यंत्राचे पाते बाजारात नाही, त्याचे बाकीचे सर्व गुण निरुपयोगी आहेत.

यंत्र गावी आणताना मुख्य पट्टी सोडवून, फळीला बांधून, आडवी आणावी. एस.टी.च्या टपावर सामानाखाली दाबून आणलेली पट्टी, किंवा वरठीच्या भंडारा रोड स्थानकात पार्सलाच्या ढिगातून ओढून काढलेली पट्टी, विकत घेताना सरळ होती याला काही अर्थ उरत नाही.

मोड आणि दुरुस्ती

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. पोलादी आणि प्लास्टिकच्या वस्तूंनी त्या धंद्याला ओहोटी लावली, तरी जुने भांडे मोड म्हणून वजनावर द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात नवे घ्यायचे, फुटलेल्याला डाग द्यायचा, विटलेल्याला कल्हई करायची, ही वहिवाट येथल्या व्यवहारबुद्धीत मुरलेली आहे. धातूची वस्तू जुनी झाली म्हणून तिचे मोल संपत नाही, तिच्यातले काम देणारे द्रव्य शिल्लक असते, हे या बाजारपेठेला कुणी समजावून सांगावयास नको. जुन्या माउंट कटरची दुरुस्ती याच बुद्धीने व्हावयास हवी. ठोकळ्याच्या आत झिजलेली सरकपट्टी असेल तर तिच्या मापाची पितळी पट्टी किंवा चकती लेथवर करून घेता येते. मळसूत्री खिळ्याचे आटे गेले असतील तर ते नव्याने पाडता येतात. मुख्य पट्टीखालची कडक झालेली रबरी पट्टी बदलता येते. सरकत्या भागांना तेल मात्र घालू नये, कारण ते पुठ्ठ्यावर उतरते आणि डाग पडतो. तेथे कोरड्या मेणाचा हलका हात पुरतो.

दुरुस्त यंत्रही पद्धतशीर वापरले नाही तर रुसते. पुठ्ठा पालथा घालून मागच्या बाजूने कापावा, आणि त्याच्या खाली नेहमी दुसऱ्या पुठ्ठ्याचे अस्तर असावे, म्हणजे पात्याच्या टोकाला आधार मिळतो आणि दर्शनी कडेला लव सुटत नाही. पाते पुठ्ठ्यातून पार जाऊन अस्तराला जेमतेम ओरखडा काढील इतकेच बाहेर ठेवावे; अधिक बाहेर काढलेले पाते वाकते, आणि कोपऱ्यापाशी काप आकड्यासारखा वळतो. पात्यांची जाडी ०.३० मिलिमीटर असते तशी ०.३८ मिलिमीटरही असते. पातळ पाते सुलभ कापते पण लवकर वाकते, जाड पाते सरळ राहते पण अधिक जोर मागते. कोणते वापरावे हे यंत्राने आणि पुठ्ठ्याने ठरवायचे. पाते प्रथम सरळ खाली दाबावे, मग न थांबता एका गतीने ओढावे किंवा ढकलावे, आणि रेघेच्या किंचित पुढे जाऊन उचलावे. चारही काप झाल्यावर मधला तुकडा आपोआप सुटला पाहिजे. एखादा कोपरा धरून राहिलाच तर तो ओढू नये, सुटे पाते उताराच्याच कोनात सरकवून सोडवावा. बोथट पात्यावर काटकसर करणारा माणूस पुठ्ठ्याचे नुकसान करतो, आणि पुठ्ठा पात्याहून महाग असतो.

पुठ्ठा, खळ आणि मागची बाजू

यंत्र उत्तम असून पुठ्ठा निकृष्ट असेल तर सारे श्रम वाया जातात. लाकडाच्या कच्च्या लगद्यापासून केलेल्या पुठ्ठ्यात लिग्निन असते, ते काळाने आणि प्रकाशाने विघटन पावून आम्ल निर्माण करते, आणि खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते. जुने माउंट काढले असता चित्रावर जी भाजल्यासारखी चौकट दिसते, ती हीच. कापसाच्या धाग्यापासून केलेला किंवा लिग्निन काढून टाकलेला आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळून आम्लाला प्रतिबंध केलेला पुठ्ठा महाग पडतो. म्हणून प्रत्येक तसबिरीला तो वापरा असे कुणी म्हणणार नाही. बाजारात पुन्हा विकत मिळणाऱ्या छापील चित्राला साधा पुठ्ठा चालेल. ज्याची दुसरी प्रत नाही अशा छायाचित्राला, पत्राला किंवा सनदेला चांगलाच हवा.

चित्र पुठ्ठ्याला सबंध चिकटवू नये. वरच्या कडेला पातळ पण चिवट कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात, आणि चित्र त्यांवर लोंबते ठेवावे, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे फुगायला त्याला मोकळीक राहते. कसर लागू नये म्हणून बांधणीच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. ती येथे कटाक्षाने टाळावी, कारण त्यातील तांबे कागदाच्या ऱ्हासाला वेग देते. पारदर्शक चिकटपट्टीही वर्ज्य. ती पिवळी पडते आणि आपला डाग कागदात कायमचा सोडून जाते. मागच्या बाजूस खाकी कागदाची पट्टी चारही बाजूंनी चिकटवून धूळ, झुरळे आणि उदबत्तीचा धूर यांची वाट बंद करावी, आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि तसबीर यांच्यातून हवा खेळती राहते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मौल्यवान चित्र मुळीच टांगू नये.

समासाच्या रुंदीविषयीही दोन शब्द. चारही बाजू मापाने समान ठेवल्या तर डोळ्याला चित्र खाली घसरल्यासारखे वाटते, म्हणून खालचा समास थोडा अधिक ठेवण्याचा जुना प्रघात आहे. लहान छायाचित्राला रुंद समास दिल्याने त्याचे तेज वाढते. चार इंची चित्राला अर्धा इंच कड ठेवून चौकट स्वस्त होते, पण त्या माणसाचा चेहरा कोंडल्यासारखा दिसतो.

कोणी काय करावे

या सर्व विवेचनाचा व्यवहारात अर्थ इतकाच की भंडारा, तुमसर, पवनी, साकोली यांसारख्या प्रत्येक मोठ्या गावी एका तरी फ्रेमवाल्याकडे चांगल्या स्थितीतले माउंट यंत्र असावे, आणि ते पोसले जाईल इतके काम गावाने त्याला द्यावे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या व्यवस्थेतली वाचनालये, जुन्या शाळा, ग्रामपंचायतींची कार्यालये यांच्या भिंतींवर संस्थापकांची छायाचित्रे, मानपत्रे, नकाशे लटकत आहेत. त्यांपैकी सर्वात जुन्या आणि एकमेव प्रतींची यादी करून दरवर्षी थोड्याथोड्या तसबिरी नव्याने बांधून घ्यावयाचा ठराव कोणत्याही व्यवस्थापक मंडळाला करता येण्याजोगा आहे. तेवढ्या कामाच्या हमीवर एखादा तरुण कारागीर जुने यंत्र घेण्याचे धाडस करील, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयासारख्या ठिकाणी प्रदर्शनांसाठी माउंट कसे कापले जातात ते पाहून येईल, आणि जी विद्या आज मोठ्या शहराच्या गॅलऱ्यांपुरती राहिली आहे ती वैनगंगेच्या काठी आणील.

आणि प्रत्येक घराने एक गोष्ट स्वतः करावी. तसबीर बांधावयास देण्यापूर्वी चित्रातल्या माणसांची नावे, स्थळ आणि माहीत असल्यास साल मऊ पेन्सिलीने, दाब न देता, मागच्या पुठ्ठ्यावर लिहावे. शाई पुढे उतरते, पेन्सिल टिकते. ज्यांचे संग्रहालय कधी बांधले जाणार नाही अशा शेतकऱ्यांची, विणकरांची, खाणकामगारांची, शिक्षकांची आणि कासारांची स्मृती या जिल्ह्यात भिंतीवरच्या चार खिळ्यांवर टिकून आहे. राजेरजवाड्यांच्या चित्रांना जे रक्षण मिळाले ते तिला मिळावे, ही मागणी न्यायाची आहे, आणि ती पुरी करण्यास लागणारे साधन जुन्या बाजारात, थोड्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत, आजही उपलब्ध आहे.